सगळं खाणाऱ्या मुलाचं लोह कमी कसं? (वय पावणेदोन)

कातळफूल
नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. मुलगा पावणेदोन वर्षांचा, वजन साडेदहा किलो. गेले काही दिवस किरकिर वाढली होती, झोपेत सारखी चुळबुळ चालायची. त्यात अंगणात सोडला की जांभ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) जीभ लावायचा. सासूबाई म्हणाल्या जंत झालेत. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितलं.

रिपोर्ट: हिमोग्लोबिन ९.४, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) ६४, आरबीसी (तांबड्या पेशींची संख्या) ४.५, फेरिटिन (लोहाचा साठा) ६. सीआरपी (अंगात संसर्ग-सूज आहे का ते दाखवणारी तपासणी) नॉर्मल. लोहाचं औषध सुरू केलंय.

माझा प्रश्न औषधाचा नाही. हा मुलगा खात नाही असं अजिबात नाही. सकाळी नाचणीचं सत्त्व किंवा उकड्या तांदळाची पेज, दुपारी मऊ भात, आमटी नाहीतर माशाचं कालवण, बांगडा-सौंदाळ्याचे काटे काढलेले तुकडे, माठाची भाजी, अर्धं अंडं, केळं, सध्या आंबा. शेजारणीची मुलगी बिस्किटावर जगते, तिचं सगळं ठीक आणि आमच्याकडेच हे. नक्की कमी काय पडतंय?

पागोळी
गूळ दे. साखर बंद, सगळं गुळाचं. आणि बीटाचा रस.

पुणेरी माहेर
आजकाल सगळ्यांचे रिपोर्ट खराबच येतात. आमच्या लहानपणी कुणी फेरिटिन मोजलं होतं? भरपूर दूध प्यायचो आणि मातीत खेळायचो.

आये वेंगुर्ल्याची
गो बाय, झिल दिवसाक दूध किती पिता ता आधी सांग. बाकी सगळा मगे बघू. माझ्या नातवाचा असाच झाल्ला. रातीक बाटली तोंडात घेऊन निजायचो, सकाळी उठलो की परत बाटली. जेवणाक बसवलो की तोंड फिरवायचो. डॉक्टरान बाटली बंद करूक सांगितल्यान. चार दिस घर डोक्यार घेतल्यान, मगे गप पेज जेवाक लागलो.

आणि चाय देतंस काय? खरा सांग हां.

कातळफूल
आये, दूध सकाळी उठल्यावर एक बाटली, दुपारी झोपताना एक, रात्री एक, कधी मध्यरात्री अर्धी. बेरीज केली तर ८०० मि.ली.च्या घरात जाते. चहा आम्ही देत नाही, पण संध्याकाळी आजोबांच्या बशीत खारी बुडवून खाल्ल्याशिवाय दोघांनाही चैन पडत नाही.

डॉ. कडीपत्ता
आयेंनी माझं निम्मं काम केलं. मी बालरोगतज्ज्ञ, चिपळूणकडचा. या वयात लोह कमी निघालं की माझा पहिला प्रश्न दुधाचाच असतो, आणि दहापैकी बऱ्याच घरांत उत्तरही तिथेच सापडतं.

गायी-म्हशीच्या दुधात लोह नसल्यात जमा आहे, ही झाली एक गोष्ट. त्यातलं कॅल्शियम आणि केसिन (दुधातलं प्रथिन) बाकीच्या जेवणातलं लोहही अंगी लागू देत नाहीत, ही दुसरी. आणि तिसरी सगळ्यांत मोठी: ८०० मि.ली. दूध पोटात गेलं की एवढ्याशा पोटात भुकेला जागाच उरत नाही. मूल ताटातलं सगळं 'खातं', पण दोन-दोन घासच. म्हणून आईला वाटतं सगळं खातो, आणि ते खोटंही नसतं. वर्षाच्या आतल्या बाळांना वरचं दूध दिलं तर काहींच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारं रक्तही जातं, म्हणून पहिल्या वर्षात ते मुख्य दूध म्हणून देऊ नये असं सांगतात.

एक वर्षानंतर दिवसाला ३५० ते ५०० मि.ली. पुष्कळ झालं, दही-ताक धरून. बाटली बंद करून वाटीने किंवा पेल्याने द्या. पेल्याने मूल आपोआप कमी पितं.

चहाबद्दल आयेंना पूर्ण अनुमोदन. चहातली टॅनिनं लोहाला पकडून ठेवतात. जेवणाच्या आगेमागे घेतलेला चहा त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली आणू शकतो. आजोबांना बशीत गरम पाणी आणि गुळाचा खडा द्या, नातू काही तक्रार करणार नाही.

आता तुमचा रिपोर्ट. पाच वर्षांखालच्या मुलात फेरिटिन १२ च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेला. फेरिटिन तापात किंवा सर्दी-खोकल्यात खोटंच वाढतं, म्हणून सोबत सीआरपी बघतात. तुमचं नॉर्मल आहे, म्हणजे ६ हा आकडा खरा धरायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा ११ वरून १०.५ वर आणली, पण ९.४ दोन्हींच्या खालीच.

एक विचारतो. बाळ दिवस भरून झालं होतं का? आणि गरोदरपणात तुमचं हिमोग्लोबिन किती होतं?

कातळफूल
दिवस भरून झाला, वजन २.६ किलो. माझं सातव्या महिन्यात ९ च्या आसपास होतं. गोळ्यांनी मळमळायचं, त्यामुळे घेणं-सोडणं चालायचं. सहा महिने अंगावरच पीत होता.

डॉ. कडीपत्ता
मग सुरुवात तिथूनही असू शकते. बाळ जन्माला येताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं, आणि त्यातला मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो. तो चार-सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडंच, पण जे असतं ते चांगलं लागतं. सहा महिन्यांनंतर मात्र वरच्या अन्नातूनच यायला हवं. नेमकं तेव्हा आपण सुरू काय करतो? तांदळाची पेज, मऊ भात-तूप, केळं. पोट भरतं, लोह येत नाही. नाळ कापण्याआधी निदान मिनिटभर थांबलं तर बाळाला जास्त रक्त आणि त्यातून जास्त लोह मिळतं, हेही आता बहुतेक ठिकाणी पाळतात. पुढच्या वेळी विचारून ठेवा, असं मी सगळ्या आयांना सांगतो.

खाडीकाठचा
डॉक्टर, मी बँकेत आहे, आकडे दिसले की हात शिवशिवतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते २०१७ मध्ये आले, त्यातले आकडे धरून कातळफूल यांच्या मुलाच्या एका दिवसाचा जमाखर्च मांडला. मापं माझ्या अंदाजाची, दीड-दोन वर्षांचं मूल खरोखर किती खातं ते आमच्या घरी पाहून.

तांदूळ दिवसभरात ३० ग्रॅम: ०.२ मि.ग्रॅ.
नाचणी १५ ग्रॅम: ०.७ (ही अख्ख्या नाचणीची. सत्त्व गाळून केलं असेल तर कमी)
मासा ३० ग्रॅम: ०.३
अर्धं अंडं: ०.४५
माठ किंवा पालक, दोन चमचे: ०.५ च्या आसपास
तुरीची डाळ १० ग्रॅम: ०.४
गूळ एक छोटा खडा, ५ ग्रॅम: ०.२
फळं: ०.३
दूध: सोडून द्या

एकूण ३ च्या थोडंसं वर. एक ते तीन वर्षांच्या मुलाला लागतं दिवसाला ८ मि.ग्रॅ. (आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, २०२०). म्हणजे ताटात सात-आठ पदार्थ असूनही निम्म्याच्याही खाली. माझ्या मते सगळ्या धाग्याचं उत्तर इथेच आहे. ताट रंगीत दिसतं, पण त्यातला एकही पदार्थ लोहाचा धनी नाही.

पागोळी, बीटात १०० ग्रॅमला १ मि.ग्रॅ. सुद्धा लोह नाही. रंग लाल म्हणून रक्त वाढतं हा हिशेब चालत नाही. गुळातून ८ मि.ग्रॅ. मिळवायचं तर दिवसाला पावणेदोनशे ग्रॅम गूळ खायला लागेल.

पागोळी
बरं बाबा. मी तरी गूळच घालणार, चवीला.

पुणेरी माहेर
पण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या हेच खात आलेत ना? भात आणि मासे. तेव्हा कुठे कुणाला काय झालं?

खाडीकाठचा
तेव्हा कुणी मोजत नव्हतं, हे तुम्हीच वर म्हणालात :) दुसरं, दूध. कोकणात पूर्वी दूध होतं कुठे एवढं? इथल्या गायी लहान चणीच्या, शेणासाठी आणि नांगराच्या बैलांसाठी पाळलेल्या. दूध चहापुरतं निघालं तरी पुष्कळ. घाटावरून पिशव्या यायला लागल्या आणि मग बाळाच्या हातात बाटली आली. 'भरपूर दूध' ही आपल्या किनाऱ्यावरची जुनी सवय नव्हेच. जुनी सवय म्हणजे कुळथाची पिठी आणि पेज.

देवरुखी
आमचं घर शाकाहारी आहे, अंडंही नाही. वरचा हिशेब बघून घाम फुटला. आमच्याकडे तर ०.३ आणि ०.४५ सुद्धा वजा.

आये वेंगुर्ल्याची
कुळीथ. कुळीथ. कुळीथ.

डॉ. कडीपत्ता
आयेंना तिन्ही वेळा अनुमोदन. कुळथात १०० ग्रॅमला साधारण ८.८ मि.ग्रॅ. लोह. मसुरीत साडेसात. राजगिऱ्यात आठ-नऊ, काळ्या तिळात तेराच्या वर. अळिवात १७. (जुन्या पुस्तकांत अळिवाचा आकडा १०० छापलेला सापडेल, अजूनही फिरतो. नव्या तक्त्यात १७ आहे, आणि तोही कमी नाही.) दिवसातून दोन वेळा तूरडाळीऐवजी कुळीथ किंवा मसूर आणा, पेजेत चमचाभर तिळाची पूड घाला, आठवड्यातून दोनदा अळिवाची खीर. खीर नारळाच्या दुधातली करा म्हणजे गायीच्या दुधाची भानगडच नको.

वनस्पतींतलं लोह थोडंच शोषलं जातं, पालकातलं तर अगदीच थोडं. म्हणून दोन गोष्टी करा. मोड आणा किंवा आंबवा, त्याने फायटेट (धान्य-डाळींतले लोह अडवणारे घटक) कमी होतात. आणि जेवणातच 'क' जीवनसत्त्व द्या. लिंबू पिळायचं ते भात ताटात वाढल्यावर, उकळत्या आमटीत नाही. पेरू आणि आवळा उत्तम. कोकम-आमसूल चवीला घाला, पण वाळवलेल्या आमसुलावर 'क' जीवनसत्त्वासाठी भिस्त ठेवू नका. सध्या काजूचा हंगाम आहे, बोंडात 'क' जीवनसत्त्व मुबलक असतं, पण घसा धरतं म्हणून लहानग्यांना थोडा रसच बरा. काजूगर, शेंगदाणे चार वर्षांपर्यंत अख्खे देऊ नका, अडकतात. कुटून द्या.

मासे खाणाऱ्यांनी मासा सोडायचा नाही. सुरमई-पापलेटात स्वतःचं लोह फार नाही हे खरं, पण मांस-मच्छी सोबत असली की त्याच घासातल्या डाळ-भाजीचं लोहही जास्त शोषलं जातं. त्यामुळे कुळथाची पिठी, भात आणि बांगड्याचा तुकडा हे एकत्र असणं फार चांगलं. निव्वळ तळलेला तुकडा आणि भात, त्यावर लगेच दुधाची बाटली, हे मात्र नको.

सुरंगी
डॉक्टर, कलेजी?

डॉ. कडीपत्ता
कोंबडीची कलेजी आठवड्यातून एकदा, दोन-तीन चमचे. शंभर ग्रॅमला १० मि.ग्रॅ.च्या आसपास लोह आणि तेही सहज लागणारं. रोज नको, त्यात 'अ' जीवनसत्त्व फार असतं.

खाडीकाठचा
आणि तिसऱ्या? शिणाणे, कालवं? आमच्या खाडीत ओहोटीला बायका टोपल्या भरून आणतात. शिंपल्यातल्या प्राण्यांत लोह चांगलं असतं असं वाचलंय.

डॉ. कडीपत्ता
बरोबर, माशांपेक्षा पुष्कळ जास्त. वर्षाच्या पुढच्या मुलाला द्यायला हरकत नाही, पण पहिल्यांदा अगदी थोडं देऊन अंगावर पित्त उठतं का बघा. पूर्ण शिजवलेलं हवं. न उघडलेला शिंपला फेकून द्यायचा. चिवट लागतात म्हणून बारीक चिरून किंवा वाटून भातात कालवा. जिथे गावाचं सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी खाडीत येतं तिथल्या तिसऱ्या घेऊच नका, हे प्राणी पाणी गाळूनच जगतात आणि पाण्यातली घाण त्यांच्यात साठते. पावसाळ्यातही टाळा.

सुरंगी
एक वेगळा अनुभव सांगते, कारण सगळेच लोह-लोह करताहेत. मी रोह्याकडची. आमच्या मुलीचं हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही ५८. कितीतरी महिने लोहाचं औषध दिलं, आकडा जागचा हलला नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) करायला लावली. एचबीए२ हा प्रकार वाढलेला, म्हणजे थॅलेसेमिया मायनर, आईवडिलांकडून आलेला रक्तदोष. नवऱ्याचंही तेच निघालं, त्याला तोवर ठाऊकही नव्हतं. तिला काही त्रास नाही, औषधाचीही गरज नाही. पण लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी हवीच, हे आत्तापासून लिहून ठेवलंय.

डॉ. कडीपत्ता
फार महत्त्वाची आठवण. एक जुजबी हिशेब असतो: एमसीव्ही भागिले आरबीसी. १३ च्या खाली आलं तर मायनरचा संशय, वर आलं तर लोहाची कमतरता जास्त संभवते. कातळफूल यांच्या मुलाचं ६४ भागिले ४.५ म्हणजे १४.२, आणि फेरिटिन ६ आहेच. त्यामुळे इथे लोहच. हा हिशेब फक्त संशयापुरता, त्यावरून निदान करू नका. पण नीट औषध देऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन जवळपास १ ने चढलं नाही तर थांबून विचार करायचा: औषध खरंच पोटात जातंय का, दुधाबरोबर देताहेत का, कुठून रक्त जातंय का, सीलिअॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसणारा आतड्याचा आजार) आहे का, की मायनर.

आशाताई
मी आशा कार्यकर्ती आहे, दापोली तालुक्यात. तुमच्या गावच्या आशाने बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर लोहाच्या सिरपची बाटली दिली नव्हती का? 'अॅनिमिया मुक्त भारत' २०१८ पासून आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मि.ली., त्यात २० मि.ग्रॅ. लोह आणि फॉलिक अॅसिड. फुकट मिळतं. आम्ही पायपीट करून बाटल्या पोचवतो आणि पुढच्या फेरीला गेलं की बाटली फडताळात, झाकणसुद्धा उघडलेलं नसतं. विचारलं तर म्हणतात शी काळी झाली म्हणून बंद केलं. अहो, लोह घेतलं की शी काळी होतेच!

दुसरं, जंताची गोळी. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, अंगणवाडीत. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, चुरून पाण्यातून. आकडेकृमी ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. आपल्याकडे पोफळीच्या बागेत पोरं अनवाणीच असतात.

तिसरं रेशनच्या तांदळाचं. पोषक दाणे मिसळलेला तांदूळ आला असेल तर त्यात थोडे वेगळ्या रंगाचे दाणे असतात, शंभरात एखादा. बायका ते प्लास्टिकचे म्हणून वेचून टाकतात! ते लोह, फॉलिक अॅसिड आणि बी१२ घालून केलेले तांदळाच्या पिठाचेच दाणे आहेत. नेमकं जे हवं तेच सुपातून बाहेर जातं. मी प्रत्येक घरी सांगते, तरी सासवा ऐकत नाहीत.

पागोळी
अग्गो बाई. मी परवाच वेचले.

खाडीकाठचा
आशाताई, त्या ६८.९ टक्क्यांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाच (२०१९-२१) म्हणतं महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं अॅनिमिक. त्याआधीच्या सर्वेक्षणात ५३.८ होती. पाच वर्षांत एवढी वाढ पचत नाही.

आशाताई
तो बोटाला टोचून घेतलेल्या थेंबाचा आकडा. बोट दाबलं की रक्तात अंगातलंच पाणी मिसळतं, मापात फरक पडतो. नक्की करायचं तर शिरेतलं रक्त.

डॉ. कडीपत्ता
बरोबर. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेतलं होतं, त्यात देशभरातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांत साधारण ४१ टक्के अॅनिमिक निघाली आणि लोहाची कमतरता ३२ टक्क्यांत. दोन्ही सर्वेक्षणं वेगळी, थेट तुलना करू नये. पण तीनात एक मूल हाही काही लहान आकडा नाही. आणि लोह कमी असूनही हिमोग्लोबिन अजून ठीक, अशी मुलं असतातच. फेरिटिन म्हणजे कणगी आणि हिमोग्लोबिन म्हणजे रोज शिजणारा भात. कणगी रिकामी होईपर्यंत भात शिजतच असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

देवरुखी
आमच्या वैद्यांनी लोहभस्म सुचवलंय. आणि सासूबाई लोखंडी कढई काढून बसल्यात. दोन्ही चालेल?

डॉ. कडीपत्ता
कढई चालेल, चांगलीच आहे. आंबट पदार्थ शिजवले की जास्त लोह उतरतं. फक्त शिजलेलं त्यातच ठेवू नका, लगेच काढा. पण त्यातून रोज किती मिळालं हे मोजता येत नाही, त्यामुळे औषधाऐवजी कढई असं नको. भस्म एवढ्या लहान मुलाला मी देणार नाही. मात्रा ठाऊक नसलेलं लोह आणि वर चालू असलेलं औषध, ही जोडी धोक्याची.

धोक्यावरून आठवलं, हे सगळ्यांनी वाचा. लोहाचं औषध गोड असतं आणि बाटली नेमकी मुलाच्या हाताला येईल अशी ठेवलेली असते. लहान मुलाने एकदम भरपूर प्यायलं तर जीवावर बेततं. आईच्या गरोदरपणातल्या लाल गोळ्याही तशाच, पोरं त्या चॉकलेट समजून खातात. उंचावर, कुलपात. चुकून प्यायलं तर उलटीची वाट न बघता थेट रुग्णालय. मधेच मूल बरं झाल्यासारखं वाटतं, त्याला फसू नका.

कातळफूल
ठेवलंय कपाटात वर. ड्रॉप्स आहेत. थुंकतो निम्मं. आणि दातांवर काळे डाग दिसताहेत.

डॉ. कडीपत्ता
ड्रॉपर गालाच्या आत, मागच्या बाजूला. नंतर दोन घोट पाणी आणि दात पुसून घ्या. डाग वरवरचे असतात, दातांचे डॉक्टर काढून देतात. रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर दोनेक तासांनी द्या, लिंबाच्या पाण्यासोबत. दुधाच्या आसपास नको. पोट बिघडलं तर जेवणाबरोबर दिलं तरी चालतं, बंद करण्यापेक्षा ते बरं. उपचाराची मात्रा साधारण किलोमागे ३ मि.ग्रॅ. मूळ लोह. बाटलीवर कधी क्षाराचं (लोहाच्या अख्ख्या संयुगाचं) वजन लिहिलेलं असतं, कधी नुसत्या लोहाचं, आणि ड्रॉप्स व सिरपची तीव्रता फार वेगळी. दुकानदाराने एकाऐवजी दुसरं दिलं तर मि.ली.चा आकडा तोच ठेवू नका, डॉक्टरांना फोन करा.

सुरंगी
आमच्या दुकानदाराने पॉलिमाल्टोज प्रकारचं लोहाचं औषध दिलं होतं, 'चव चांगली' म्हणून.

डॉ. कडीपत्ता
चव चांगली, पोटालाही सौम्य. पण हिमोग्लोबिन चढवण्याचा भक्कम पुरावा फेरस सल्फेटसारख्या फेरस क्षारांचा आहे.

कातळफूल
गडग्याला जीभ लावायचं थांबेल का? जांभ्यात तर लोहच लोह असतं ना?

खाडीकाठचा
रेडी बंदरातून जहाजं भरून लोहखनिज गेलं, तरी सिंधुदुर्गातल्या पोरांना सिरप लागतंय. हा विनोद मी कितीतरी वर्षं करतोय, आज पहिल्यांदा कामी आला.

डॉ. कडीपत्ता
थांबेल, बहुतेक काही आठवड्यांतच. माती, चुना, बर्फ, दगड चाटणं हे कमतरतेचं लक्षण. जांभ्यातलं लोह गंजाच्या रूपातलं, शरीराला घेता येत नाही. उलट मातीतून जंतांची अंडी पोटात जातात. किरकिर आणि झोपेतली चुळबुळही त्याच खात्यातली. काही मुलं रडता रडता श्वास धरून निळी पडतात, त्यातही लोह तपासतात.

देवरुखी
दूध कमी केलं तर हाडांचं काय? आमच्याकडे यावरून महाभारत होणार.

डॉ. कडीपत्ता
या वयात कॅल्शियम दिवसाला ५०० मि.ग्रॅ. लागतं. ४०० मि.ली. दुधातूनच त्यातलं बहुतेक येतं. उरलेलं नाचणी आणि तीळ देतात, नाचणीत १०० ग्रॅमला ३६४ मि.ग्रॅ. आहे. हे सासूबाईंना वाचून दाखवा.

कातळफूल
धागा वर काढते. महिना झाला. हिमोग्लोबिन १०.६. डॉक्टर खूश. बाटली बंद केली, तीन रात्री कुणी झोपलं नाही. आता पेल्याने दोनदा, सगळं मिळून ४०० च्या आत. गंमत म्हणजे जेवण दुप्पट झालंय. पिठी-भात तर मागून घेतो. गडगा सोडलाय. आजोबा रागावलेत, पण बशी रिकामी ठेवतात.

दोन प्रश्न. औषध आता बंद करू का? आणि पुढच्या महिन्यापासून मासेमारी बंद, तिसऱ्या पावसात नकोत. मग काय?

डॉ. कडीपत्ता
बंद नाही! हिमोग्लोबिन नॉर्मलला आल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवतात, साठा भरण्यासाठी. इथेच बहुतेक जण सोडतात आणि सहा महिन्यांनी परत येतात. वजन वाढलं की मात्राही बदलते, तेवढं विचारून घ्या. उपचार संपल्यावर आशाताईंचं आठवड्यातून दोनदाचं सिरप.

आये वेंगुर्ल्याची
पावसात काय नाय असा कसा? सुको जवळो घे, दोन-तीन पाण्यात चांगलो धुव, खारटपणा जाऊक व्हयो, मगे भाजून पूड कर आणि भातार घाल. अंडी आसत. कुळीथ आसा. अष्टमीक शेवग्याच्या पाल्याची भाजी करतत ती काय फकत नैवेद्याक नाय, पोराक दी बारीक चिरून, वर लिंबू पिळ. मुगाक मोड काढ.

देवरुखी
आये, कुळथाला मोड आणून मग पिठी करता येते का?

आये वेंगुर्ल्याची
येता तर. मोड इले की पंख्याखाली सुकव, पावसात उन्हाची वाट बघू नको. मगे मंद आचेर भाज, सालां उडव आणि दळ. थोडीच कर, पावसात लवकर कुबट वास मारता. पोराच्यात मिरची नको, लसूण आणि जिरां पुरे.